'घेन' आणि 'घेणे' : झोप आणणाऱ्या एका गोळीचा पाठ

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने औषधावर लेख लिहावा हा विज्ञान शाखेच्या मित्रांना आगाऊपणा वाटेल, आणि काही अंशी तो आहेही. नफातोटा पत्रक आणि ताळेबंद यांपलीकडे माझे शिक्षण गेलेले नाही. तथापि गेल्या मे महिन्यात हजीरा येथे जे घडले त्यात माझा स्वतःचा वाटा होता, आणि त्यानंतर एका साध्या गोळीविषयी मी जितके वाचले तितके परीक्षेसाठीही कधी वाचले नव्हते. आमच्या गल्लीतील डॉक्टरांनी हा लेख वाचून त्यातील दोन-तीन चुका काढून दिल्या. उरल्या असतील त्या माझ्या.

ज्या औषधांबद्दल मी लिहितो आहे ती आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. अंगावर पित्त उठले, गांधी आल्या, गांधीलमाशी चावली, धुळीने शिंकांची माळ लागली, की घरातील वडीलधारे म्हणतात, "एक ॲव्हिल घे आणि पड जरा." 'पड जरा' हे शब्द त्या उपचाराचाच भाग आहेत, हे आपल्या लक्षात येत नाही. आंबोलीच्या किंवा फोंड्याच्या घाटातून कोकणात उतरायचे असले की खिडकीची जागा, लिंबू, आवळासुपारी आणि ॲव्होमिनची गोळी हा सरंजाम ठरलेला. गोळी घेतलेला प्रवासी घाट संपेपर्यंत शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकून झोपतो आणि उतरल्यावर म्हणतो, "काही त्रास झाला नाही बुवा." सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असते. ॲव्हिलमध्ये फेनिरामिन, ॲव्होमिनमध्ये प्रोमेथाझिन, आणि खोकल्याच्या कित्येक जुन्या पातळ औषधांत डायफेनहायड्रामिन. नावे निरनिराळी असली तरी कूळ एकच. या कुळाला अँटिहिस्टामिन म्हणतात. त्यातही ही जुनी, म्हणजे पहिल्या पिढीची अँटिहिस्टामिने होत.

हिस्टामिन हा काही बाहेरून येणारा रोग नव्हे. आपल्याच शरीरातील काही पेशींत ते साठवलेले असते. न मानवणारी वस्तू अंगात गेली, धुळीचा किंवा परागाचा कण नाकात शिरला, की त्या पेशी ते सोडतात. मग बारीक रक्तवाहिन्या सैल पडून त्यांतून पाणी झिरपते, कातडीवर गांधी येतात, नाक वाहते, डोळे चुरचुरतात, खाज सुटते. हे सारे घडण्यासाठी हिस्टामिनला पेशीवरच्या एका ठरावीक जागी जाऊन बसावे लागते. कुलपात किल्ली बसावी तसे समजा. औषध काय करते, तर त्या कुलपात आधीच जाऊन बसते. किल्लीला जागाच उरत नाही. एवढेच त्याचे काम, आणि ते ते चांगले करते.

अडचण अशी की हिस्टामिनचे दुसरे एक काम मेंदूत चालते. मेंदूच्या तळाशी काही मज्जापेशी आहेत. त्या जागेपणी हिस्टामिन सोडत राहतात, आणि त्यामुळे आपण सावध राहतो. जुनी अँटिहिस्टामिने स्निग्ध पदार्थांत सहज विरघळणारी असल्याने रक्तातून मेंदूत शिरतात व तेथलीही कुलपे अडवतात. नाकातले पाणी थांबते, त्याबरोबर मेंदूतला पहारेकरीही डुलक्या घेऊ लागतो.

येथे भाषेविषयी थोडेसे, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. मराठीत पेंग, डुलकी, झापड, गुंगी असे शब्द आहेत. आमच्या निपाणीकडे घरात मराठी आणि अंगणात कन्नड अशी रीत असल्याने 'तूकडिके' आणि 'मंपरु' हेही कानावरचे. तूकडिके म्हणजे डुलकी. मंपरु म्हणजे धड झोप नव्हे आणि धड जागही नव्हे अशी गुंगी. या गोळ्यांनी येते ती बहुधा मंपरु. माणूस चालतो, बोलतो, हिशेबही करतो, पण अर्धा. कन्नड विभागातील मित्रांनी या शब्दाबद्दल मला दुरुस्त करायचे असल्यास अवश्य करावे.

पहिले अँटिहिस्टामिन 1937 साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनियल बोव्हे यांनी शोधले. ते माणसाला देण्याजोगे नव्हते, पण वाट सापडली. बोव्हे यांना 1957 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्या दहा वर्षांत अनेक औषधे आली. प्रवासात मळमळणे थांबवण्याचा गुण मात्र कोणी शोधायला गेलेले नव्हते. 1947 मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अंगावर पित्त उठणाऱ्या एका बाईला असे एक औषध दिले. पित्ताचे काय व्हायचे ते झाले, पण बाई म्हणाली, ट्राममध्ये बसले की मला नेहमी मळमळायचे, ते बंद झाले. डॉक्टरांनी तिचे म्हणणे हसण्यावारी नेले नाही, हे महत्त्वाचे. पुढे अटलांटिक ओलांडणाऱ्या एका लष्करी जहाजावरील शेकडो सैनिकांवर त्या औषधाची चाचणी झाली आणि जहाज लागण्यावर ते गुणकारी ठरले.

आता हजीऱ्याकडे वळतो.

माझे मामा गेली बावीस वर्षे सुरतेत ट्रक चालवतात. हजीरा हे तापीच्या मुखाशी, खंबातच्या आखाताला लागून असलेले गाव. गाव म्हणायचे एवढेच. मुंबईजवळच्या समुद्रातून निघणारा वायू नळाने येथे येतो, त्यावर खताचा कारखाना चालतो, शिवाय पोलाद, बंदर, वीज. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भिंती, आणि मधून ट्रेलरची रांग. येथूनच पलीकडच्या भावनगर जिल्ह्यातील घोघा बंदराला फेरीबोट जाऊ लागली. 8 नोव्हेंबर 2020 रोजी ही सेवा सुरू झाली, त्या वेळी सरकारने सांगितले होते की रस्त्याने 370 किलोमीटर असलेले अंतर समुद्राने 90 किलोमीटर होईल आणि मालाला लागणारे 10 ते 12 तास 4 तासांवर येतील. ट्रक बोटीच्या पोटात, माणसे वर. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला याहून चांगले उदाहरण कोठे मिळणार? सुट्टीत मामांकडे गेलो होतो, ते महुव्याकडून सुकवलेल्या कांद्याच्या गोण्या आणणार होते. मीही बरोबर निघालो. जाताना रस्त्याने गेलो, येताना बोटीने यायचे ठरले.

मामांना घाट लागत नाही, पण पाणी लागते. पूर्वी एकदा त्या बोटीवर त्यांचे फार हाल झाले होते. भावनगरला ते टायरची हवा पाहत थांबले आणि मला म्हणाले, "जा, वांतीवरची गोळी घिऊन यं." मी दुकानात गेलो. गुजराती मला येत नाही, पण मराठी, कन्नड, हिंदी येते म्हणून सगळेच येते असा माझा समज होता. दुकानदाराने दहाच्या पट्टीतून कात्रीने चार गोळ्या कापून दिल्या आणि म्हणाला, "आनाथी थोडुं घेन आवशे."

मी काय ऐकले? 'थोडं घेणं आवश्यक.' म्हणजे थोडीशी का होईना, घेतलीच पाहिजे. मी मोठ्या समजूतदारपणे मान डोलावली.

गुजरातीत घेन म्हणजे गुंगी. त्या गृहस्थाने मला इशारा दिला होता. त्याचा काहीही दोष नाही. गोळी ट्रक चालवणाऱ्या माणसासाठी आहे हे मी त्याला सांगितले नव्हते. माझ्याकडे पाहून त्याला वाटले असेल की पोरगा स्वतःसाठी नेतो आहे, झोपेल बोटीवर. मामांना गुजराती माझ्याहून शंभरपट चांगले येते, ते स्वतः गेले असते तर पुढचे काही घडले नसते. गोळीचे व्यापारी नाव येथे देत नाही, कारण दोष गोळीचाही नव्हता. जात प्रोमेथाझिनची.

मामांनी एक गोळी बोट सुटण्यापूर्वी घेतली. समुद्र त्या दिवशी खवळलेला नव्हता, तरी तासाभराने त्यांचा चेहरा उतरला. "हिचा काय उपेग न्हाई झाला रं," ते म्हणाले. मी म्हटले, "मामा, दुकानदार म्हणालाय घेणं आवश्यक आहे म्हणून. आणखी एक घ्या." त्यांनी घेतली. मग ते बाकावर टेकून बसले आणि मळमळ खरोखर थांबली. मला आपण उपयोगी पडल्याचा आनंद झाला. खंबातच्या आखाताचे ते मातकट पाणी पाहत मी शेंगदाणे खाल्ले.

हजीऱ्याला उतरलो तेव्हा सांज होत आली होती. मामा स्टेअरिंगवर बसले, मध्ये मी, पलीकडे क्लीनर. इच्छापोरच्या दिशेने निघालो. मी विचारले, "झोप येतेय का?" ते म्हणाले, "झोप न्हाई, नुस्तं डोकं कापसागत झालंय." हे वाक्य मी विसरणार नाही. त्यांचे डोळे उघडे होते. गिअर टाकताना एकदा चुकले, जे मी आयुष्यात पाहिले नव्हते. समोरचा ट्रेलर हळू झाला, तेव्हा ब्रेक थोडा उशिरा लागला. मग गाडी डावीकडे सरकत चालली, अगदी सावकाश, जणू तिकडेच जायचे होते. क्लीनर ओरडला. रस्त्याच्या कडेला एक चहावाला सायकलवर स्टोव्ह बांधून उभा असे. सायकल, स्टोव्ह, किटली सगळे चाकाखाली गेले आणि ट्रक मातीच्या ढिगाला लागून थांबला. चहावाला दोन पावले मागे ग्लास विसळत होता. त्याचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा पाणी आणायला पलीकडे गेला होता. तो कळशी घेऊन परत आला आणि सायकल कोठे आहे म्हणून पाहू लागला.

कोणाला खरचटलेदेखील नाही. मामांनी जागच्या जागी सायकलीचे आणि स्टोव्हचे पैसे दिले. दिवा आणि मडगार्डचा खर्च मालकाने पगारातून कापला. मालकाला सांगितले की स्टेअरिंग ओढत होते.

तीन दिवसांनी शेजारच्या आजी नातवाला औषध पाजून मामींना म्हणाल्या, "हवे घेन चड्युं, सूई जशे." मूल डोळे मिटत होते. मी मामींना विचारले, घेन म्हणजे काय. त्यांनी सांगितले, आणि मला घाम फुटला.

येथून माझा अभ्यास सुरू झाला. पहिली गोष्ट मी शोधली ती मामांच्या त्या वाक्याविषयी. झोप नाही म्हणणारा माणूस गाडी चालवण्यास लायक असतो का? याचे उत्तर अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मिळते. परागामुळे सर्दी होणाऱ्या 40 वाहनचालकांना त्यांनी खऱ्या रस्त्याऐवजी यंत्रावरील आभासी रस्त्यावर गाडी चालवायला लावली. प्रत्येकाला चार वेळा बोलावले. एकदा डायफेनहायड्रामिन 50 मिलिग्रॅम, एकदा फेक्सोफेनाडिन हे नव्या पिढीचे औषध, एकदा दारू, आणि एकदा औषध नसलेली नुसती गोळी. दारू इतकी दिली की रक्तातील प्रमाण सुमारे 0.1 टक्का व्हावे. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, म्हणजे ही दारू त्याच्या तिपटीहून अधिक झाली. पुढच्या गाडीच्या वेगाशी आपला वेग जुळवत जाणे ही मुख्य कसोटी होती. तीत सर्वांत वाईट कामगिरी डायफेनहायड्रामिन घेतल्यावर झाली, दारूपेक्षाही वाईट. अचानक समोर आलेल्या गाडीला ब्रेक लावण्यात मात्र दारू सर्वांत मंद ठरली. फेक्सोफेनाडिन आणि नुसती गोळी यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

याहून मोलाचा निष्कर्ष पुढे आहे. किती झोप येते आहे असे त्या चालकांना विचारले होते. त्यांच्या उत्तरावरून त्यांची गाडी कशी चालेल याचा अंदाज बांधता येत नव्हता. झोप येत नाही म्हणणारेही वाईट चालवत होते. 'मला काही होत नाही' ही साक्ष ग्राह्य धरता येत नाही, कारण साक्ष देणारा मेंदू तोच, ज्यावर औषधाचा अंमल आहे. मी मामांना प्रश्न विचारला होता आणि त्यांनी प्रामाणिक उत्तर दिले होते. दोन्ही निरुपयोगी. मामांची गोळी डायफेनहायड्रामिन नव्हती हे खरे, पण डॉक्टरांच्या मते या बाबतीत प्रोमेथाझिन धाकटा भाऊ नसून थोरला आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. गोळीचा अंमल चार-सहा तास असा आपला ठोकताळा असतो. क्लोरफेनिरामिनचे प्रौढ माणसाच्या रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायलाच सरासरी 20 तासांच्या आसपास लागतात, प्रोमेथाझिनचेही 10 तासांहून अधिक. रात्री घेतलेल्या गोळीची बाकी सकाळी शिल्लक असते. आपल्या खतावणीच्या भाषेत बोलायचे तर मागील बाकी पुढे ओढली जाते, आणि दुसरी गोळी घेतली की ती त्यात मिळते. पहिली गोळी लागू पडली नाही म्हणून तासाभरात दुसरी देणे हा माझा हिशेब मुळातच चुकीचा होता. प्रवासाची गोळी निघण्यापूर्वी एक-दोन तास घ्यायची असते, लांबच्या प्रवासाला आदल्या रात्री झोपताना. मळमळ सुरू झाल्यावर पोट पुढे सरकवतच नाही, मग गोळी काय करणार?

मग कोणी विचारेल, झोप न आणणाऱ्या नव्या गोळ्या आहेत ना? आहेत. लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन या मेंदूत फारशा शिरत नाहीत. सेटिरिझिन मधली, काहींना तिनेही झोप येते. शिंका, खाज, पित्त यांसाठी या पुरेशा आहेत आणि आता महागही राहिलेल्या नाहीत. सर्दीसाठी जुनीच गोळी मागण्याचे कारण सवय हेच. नवे म्हणून सगळे निर्धोक असेही नव्हे. टेरफेनाडिन हे या नव्या पिढीतले गाजलेले औषध हृदयाच्या ठोक्यांत बिघाड करते असे आढळल्याने 1990 च्या दशकात अमेरिकेच्या बाजारातून गेले. त्याच्याच शरीरात होणाऱ्या रूपांतरातून फेक्सोफेनाडिन आले. परंतु मळमळीच्या बाबतीत पेच आहे. बोट किंवा घाट लागू नये म्हणून औषध मेंदूतच पोचावे लागते, म्हणून नव्या गोळ्या तेथे कुचकामी ठरतात. ज्या गुणामुळे ही गोळी बोटीवर उपयोगी, त्याच गुणामुळे ती बोटीतून उतरल्यावर धोक्याची. बसमधल्या प्रवाशाला याची फिकीर नाही, त्याला फक्त झोपायचे आहे. हजीऱ्याची बोट वेगळी अशी की तिच्यातून उतरणाऱ्या माणसाच्या हातात लगेच चाक असते.

इशारा पोचतो कसा, याचाही विचार केला. औषध नियम, 1945 यांच्या 'जी' अनुसूचीत ही औषधे येतात. वैद्यकीय देखरेखीशिवाय हे औषध घेणे धोक्याचे आहे अशा आशयाची सूचना वेष्टनावर छापावी लागते. छापतातही, इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. दहाची पट्टी कात्रीने कापली की ती सूचना ज्या तुकड्यावर असेल त्याच्या नशिबी. माझ्या चार गोळ्यांच्या तुकड्यावर नावाची मागची अर्धी अक्षरे होती. व्यापारी कायद्याच्या तासाला आम्हाला ग्राहकाने सावध राहावे हे तत्त्व लॅटिनमधून शिकवले गेले. सावध राहण्यासाठी जे वाचायचे तेच कापून दुकानात राहिले तर ग्राहकाने करावे काय, हा प्रश्न मी सरांना विचारणार आहे. कायद्यापुरते बोलायचे तर मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 185 दारू आणि अमली द्रव्ये दोघांसाठीही आहे, पण नाक्यावरचे फुंकायचे यंत्र दारूच ओळखते. गोळी घेतलेला चालक त्यातून सन्मानाने सुटतो.

बाकीचे धोके थोडक्यात सांगतो, थोडक्यात म्हणजे कमी महत्त्वाचे असे मात्र नव्हे. दारू, झोपेच्या गोळ्या किंवा अफूच्या वर्गातील वेदनाशामके यांच्याबरोबर ही औषधे घेतल्यास गुंगी वाढते, श्वास मंदावू शकतो. यांनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडू शकते, एका प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यातील दाब वाढतो, म्हाताऱ्या माणसांना भ्रम होतो आणि रात्री उठताना ते पडतात. प्रमाणाबाहेर घेतल्यास झटके येतात, हृदयाची लय बिघडते. गळा सुजून श्वास कोंडू लागला तर ही गोळी घेऊन वाट पाहत बसू नये. तेथे ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन लागते, रुग्णालय गाठावे.

लहान मुलांविषयी मात्र जरा थांबून बोलले पाहिजे, कारण ती शेजारच्या आजींची मायेची चूक घरोघर होते. मूल प्रवासात रडू नये, रात्री शांत झोपावे म्हणून सर्दीचे औषध चमचाभर पाजतात. दोन वर्षांखालील मुलांत प्रोमेथाझिनने श्वास थांबून मृत्यू झाल्याने अमेरिकेत 2004 मध्ये त्यावर ठळक इशारा आला. आपल्याकडे डिसेंबर 2023 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनायलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश काढला. काही मुले या औषधाने झोपण्याऐवजी उलट बेफाम होतात, मग आई आणखी अर्धा चमचा देते. 2025 मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने मुले दगावली ती त्यात मिसळलेल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषामुळे. ती गोष्ट निराळी, दोहोंची गल्लत करू नये.

हे सारे वाचून झाल्यावर मामांना सांगणे भाग होते. मी दोन दिवस टाळले. अखेर रात्री जेवणानंतर सांगितले की दुकानदार 'घेन' म्हणाला होता आणि मी 'घेणं' ऐकले. मामा बराच वेळ ताटातले मीठ बोटाने गोळा करत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे दुसरी गोळी बी तूच दिलीस की." रागाने नाही, नुसते हिशेब जुळवल्यासारखे. मी मान खाली घातली. थोड्या वेळाने म्हणाले, "मालकाला काय बोलू नगंस. गोळीचं नाव काढलं की त्यो म्हणंल डायवर नशा करतोय." त्यात तथ्य होते. ॲव्हिलची इंजेक्शने अफूच्या औषधात मिसळून नशा करणारे लोक आहेत, त्यामुळे ते नाव सगळ्यांनाच ओळखीचे. या लेखाला त्यांची परवानगी घेतली आहे. अट एकच, त्यांचे नाव यायचे नाही.

निपाणीला परत येण्यापूर्वी आम्ही दोघे सुरतेत एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितले, बोटीवर हलके खाऊन जा, मधल्या भागात उघड्या हवेत बसा, दूर क्षितिजाकडे पाहा, मोबाइलात डोके घालू नका. एवढ्यानेही लागले आणि गोळी घेतलीच, तर त्या दिवशी चाकाला हात लावायचा नाही, रात्र हजीऱ्यालाच काढायची. मामांनी हा सल्ला मानला. मी कागदावर आकडे मांडले. समुद्राने वाचणारे सहा ते आठ तास त्या एका रात्रीत खर्ची पडतात, वर हॉल्टिंगचे पैसे. मालकाला मामांनी कारण न सांगता हॉल्टिंग मागितले. मालक म्हणाला, मग बोटीचे भाडे कशाला भरायचे, रस्त्यानेच जा.

गेल्या पत्रात मामींनी कळवले आहे की मामा आता बहुधा रस्त्यानेच जातात. चहावाल्याने नवी सायकल घेतली, पण तो त्या वळणावर उभा राहत नाही.